योगेश्वरीच्या बोलक्या नोट्स

मुलगी पहिलीत जायला लागली त्या वर्षी योगेश्वरी रहांगडालेने गोंदियाच्या एका नर्सिंग शाळेत नाव घातलं, आणि कामठ्यात त्याची बरीच चर्चा झाली. बाई हुशार आहे, बरं झालं, असं काही जण म्हणाले. घरात काम उरलं नसेल, असंही काही जणी म्हणाल्या. हे सगळं तिच्या सासूच्या, मुन्नीबाईच्या, कानावर आलं. मुन्नीबाईने ते ऐकलं, पान थुंकलं आणि म्हणाली, "माह्या घरची सून आहे, तुमाले काऊन तरास होऊन राहिला?" त्यानंतर निदान तिच्यासमोर तरी कोणी काही बोललं नाही.

योगेश्वरीचं माहेर बिरसीचं. १९९९ साली ती दहावीला बसली, तेव्हा तिच्या वह्यांचं गावात नाव होतं. अक्षर ठसठशीत, मथळे लाल शाईने, आकृत्या पेन्सिलीने. ती पास होऊन गेल्यावरही तिच्या विज्ञानाच्या वह्या पुढची दोन-तीन वर्षं बिरसीत या घरातून त्या घरात फिरत होत्या. बारावी झाली आणि वडिलांनी, मनोहरलाल पटल्यांनी, कामठ्याचं स्थळ पाहिलं. पुढे शिकायचं राहून गेलं. मुलीच्या, रिंकीच्या, वेळी बाळंतपण अवघड गेलं. त्या वेळी दवाखान्यातली एक नर्स तिच्या उशाशी उभी राहिली आणि आता काय होतंय, पुढे काय होणार, हे साध्या शब्दांत सांगत राहिली. त्या बाईचं नावही योगेश्वरीला कळलं नाही. पण आपल्याला काय व्हायचं आहे, ते तिला त्या खाटेवर कळलं. मनातलं बोलून दाखवायला मात्र आणखी पाच-सहा वर्षं गेली.

वर्गात बाकीच्या मुली अठरा-एकोणीस वर्षांच्या होत्या. योगेश्वरी फळ्यावरचं भराभरा उतरवून घ्यायची आणि तरी मागे पडायची, कारण शिकवणं इंग्रजीतून आणि तिची सगळी शाळा मराठीतून झालेली. मुली काही लिहीतच नसत. मॅडम वर्गाबाहेर गेल्या की मोबाइल काढून फळ्याचा फोटो घ्यायच्या आणि मोकळ्या व्हायच्या. तिच्या बाकावर नवेगाव बांधची नीतू बसायची. तिच्या घरचं पोट तळ्यातल्या मासेमारीवर चालायचं. ती एकदा हसून म्हणाली, "दीदी, इतकं कायले लिहून राहिली? हात दुखत नाई का?"

योगेश्वरीने ही गोष्ट घरी नवऱ्याला सांगितली. ओमेश्वरची थोडी धानाची शेती होती आणि कामठ्याच्या बस स्टॉपवर मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान. नव्या यंत्राचं त्याला भारी वेड. तो तर याच संधीची वाट पाहत होता.

"अवो, आता कागद कोन वापरते? सब डिजिटल हो रहा है," तो म्हणाला. दुकानात एका गिऱ्हाइकाने बदलून टाकलेला एक मोठ्या स्क्रीनचा फोन त्याने नीट करून तिच्या हातात ठेवला. दोन रविवार बसून त्याने तिच्या सगळ्या वह्यांचे फोटो काढले. वह्या खाटेवर उघडून ठेवायच्या, रिंकीने पान उलटायचं, याने फोटो घ्यायचा. मग विषयवार फोल्डर. शरीररचनेचा वेगळा, सूक्ष्मजंतूंचा वेगळा, शुश्रूषेचा वेगळा. नोट्स ठेवायचं एक ॲपही त्याने शोधून काढलं. त्यात प्रत्येक धड्याला रंग देता यायचा आणि एक शब्द टाकला की हवं ते पान समोर.

योगेश्वरी हरखून गेली. खरंच सोय होती. आधी एक गोष्ट शोधायला चार वह्या उलटाव्या लागत. आता बोटाच्या टोकावर. दिवाळीच्या सुट्टीत तिने रोज सकाळी फराळाचं आटोपलं की फोन घेऊन बसायचं ठरवलं आणि बसलीही. नीतूकडून फळ्याचे फोटो मागवले, ते सरळ करून लावले. हृदयाला लाल रंग, फुप्फुसांना निळा, पोटाच्या अवयवांना पिवळा. फोल्डरमध्ये फोल्डर, त्यात आणखी फोल्डर. रंग पसंत पडला नाही की बदलायचा. घरचे म्हणत, बाई काय अभ्यास करून राहिली! तिलाही तसंच वाटत होतं.

सुट्टीनंतर शाळेची परीक्षा झाली. शरीररचनेच्या पेपरात पहिलाच प्रश्न हृदयातून रक्त कसं फिरतं, हा होता. योगेश्वरीने प्रश्न वाचला आणि तिला हायसं वाटलं. लाल फोल्डर. तिसरा फोटो. उजव्या कोपऱ्यात आकृती, खाली निळ्या शाईत दोन ओळी खोडलेल्या. सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. फक्त त्या आकृतीत काय होतं, ते आठवेना. कुठे ठेवलंय ते तिला पक्कं ठाऊक होतं. काय ठेवलंय ते नव्हतं. ती पेनाचं टोपण चावत बसून राहिली. शेजारी नीतूचीही तीच गत होती.

त्या पेपरात ती नापास झाली. गावच्या शाळेत असताना ती कधीच नापास झाली नव्हती. घरी येऊन तिने फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि चुलीपुढे जाऊन बसली.

ओमेश्वरला ते लागलं. "फोन त चांगला होता," तो हळूच म्हणाला.

"फोनले दोष नाई देऊन राहिली मी," ती म्हणाली. "मीच नुसती मांडामांड करत बसली. लुगडे घडी घालून पेटीत ठेवले म्हनजे नेसनं झालं का?"

मग ती वह्यांकडे परतली. पण वह्यांपाशीही पहिल्यासारखं जमेना. दहावीला असताना घरचं एकही काम तिच्या अंगावर नव्हतं. आता पहाटेचा स्वयंपाक, रिंकीची शाळा, गोंदियाची बस, वॉर्डातली ड्युटी, पुन्हा बस. बसमध्ये उभ्याने वही उघडता येत नाही. एकदा पावसात पिशवी भिजली आणि अख्खा एक धडा निळ्या डागांचा झाला. आणि जे वाचायचं ते इंग्रजीत. म्हणून ती वाक्यं जशीच्या तशी घोकायला लागली. भाजी चिरताना, पाणी भरताना ओठ सारखे हलत.

एके सकाळी दोघी सासू-सुना पडवीत लाखोळीची डाळ निवडत होत्या. मुन्नीबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तिचे कान तिखट होते.

"काय पुटपुटून राहिली वो? मंत्र म्हनून राहिली का?"

"मंत्र नाई, माय. किडनीचा पाठ आहे." नवऱ्यासारखीच तीही सासूला माय म्हणायची.

"मंग मले सांग न, काय आहे ते. मी बी ऐकतो."

योगेश्वरी सांगायला गेली आणि अडखळली. इंग्रजी वाक्य तोंडपाठ होतं, पण ते सासूला सांगायचं कसं? तिने सुपाकडे पाहिलं. "पाठीकडून दोन गाळन्या आहेत, माय. सगळं रक्त तिथून जाते. चांगलं ते परत अंगात, घान ते पान्यासंगं बाहेर."

"गाळनी तुंबली त?"

"त अंग सुजते."

"पायच सुजते का तोंड बी?"

योगेश्वरीला ते माहीत नव्हतं. तिने डाळीचं सूप खाली ठेवलं, आतून पुस्तक आणलं, शोधलं, वाचलं आणि बाहेर येऊन सासूला सांगितलं. मुन्नीबाईने आणखी एक प्रश्न विचारला. त्यासाठी पुन्हा पुस्तक. डाळ निवडून झाली तोवर तो पूर्ण धडा योगेश्वरीच्या डोक्यात असा बसला होता की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितला असता.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये तिला एकच भीती वाटत होती, की काल जे सुचलं ते विसरू नये. गाळणीचं, तुंबण्याचं. वही काढायला जागा नव्हती. गोंदियाला उतरल्यावर ती शाळेच्या आवारातल्या कडुनिंबाखाली गेली, फोनमधलं आवाज टिपायचं बटन दाबलं आणि मुन्नीबाई समोर बसली आहे असं समजून बोलायला लागली. झाडीबोलीत, जसं घरी बोलतात तसंच. मध्येच एक शब्द अडला. ती थांबली, पुस्तक पाहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून बोलली. जिथे आपण अडतो, तिथेच आपल्याला येत नाही, हे तिच्या लक्षात आलं.

तिथून तिची एक रीत ठरत गेली. आधी पुस्तक वाचायचं. मग वहीत एका धड्याला एकच पान, आपल्या हाताने, इंग्रजी शब्द आणि त्याच्या शेजारी घरचा शब्द. मग वही मिटायची आणि फोनला सांगायचं. फोल्डर, रंग, सगळं काढून टाकलं. रेकॉर्डिंगला नाव द्यायचं ते वहीच्या पानाचं, म्हणजे ऐकताना शंका आली की नेमकं ते पान उघडता येईल. वही कपाटात राहायची आणि आवाज तिच्यासोबत फिरायचा. बसमध्ये कानात, चुलीपुढे फळीवर. धानाच्या रोवणीच्या दिवसांत तर पॉलिथिनमध्ये गुंडाळलेला फोन शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ठेवलेला असायचा. खाली चिखलात वाकून पऱ्हा, धानाची रोपं, लावणाऱ्या बायका योगेश्वरीचाच आवाज ऐकायच्या आणि शेजारी खऱ्या योगेश्वरीला कोपराने ढोसायच्या. "तू त इथं आहेस, मंग थे कोन बोलून राहिली?"

मुन्नीबाईला तर सवयच लागली. सून घरी नसली की ती ओमेश्वरला म्हणायची, "लाव न रे, पोटुशी बाईचं लाव." त्याच्या दुकानातल्या फोनवरही सगळं होतं.

नीतूला हे कळलं तेव्हा तिने हट्टाने सगळी रेकॉर्डिंग मागून घेतली. पुढच्या परीक्षेत दोघी पास झाल्या. योगेश्वरीला काही फार मोठे गुण नव्हते, पण राहिलेला विषय निघाला. नीतूने वर्गात सांगितलं, दीदीच्या नोट्स बोलतात. इंग्रजी शाळेतून आलेल्या एक-दोघी हसल्या. पण बाकीच्या मागायला आल्या. व्हॉट्सॲपवरून ती रेकॉर्डिंग कुठे कुठे गेली, ते योगेश्वरीला पुढे पुढे कळेनासं झालं.

त्यांच्या घराच्या मागच्या गल्लीत टेकचंदचं घर होतं. त्याची बायको हेमलता, पहिलटकरीण, आठव्या महिन्यात होती. एका सकाळी योगेश्वरी वॉर्डात ड्युटीवर असताना मुन्नीबाई ताक घेऊन तिकडे गेली. हेमलता भिंतीला टेकून बसली होती. चेहरा भरल्यासारखा दिसत होता, पापण्या जड.

"डोकं ठनकून राहिलं, मामी. काल संध्याकाळपासून," ती म्हणाली. "अन् डोळ्यापुढं चांदन्या चमकून राहिल्या."

टेकचंदची आई जमुनाबाई चुलीपाशी होती. "गरवारपनात सुजतेच वो. मी नव्हती का सुजली टेकचंदच्या वक्ती? आराम कर म्हनलं."

सहा महिन्यांपूर्वी मुन्नीबाईनेही हेच म्हटलं असतं. तोंड सुजलं म्हणजे मुलगा होणार, असंही वर म्हटलं असतं. पण आता ती तशीच उठली आणि थेट बस स्टॉपवर ओमेश्वरच्या दुकानात गेली.

"फोन घे अन् चाल."

"माय, गिऱ्हाईक आहे—"

"थांबन थो. चाल."

जमुनाबाईच्या चुलीपुढे ओमेश्वरने फोन धरला. त्यातून योगेश्वरीचा आवाज आला, घरात बोलते तसा, मध्ये कुठेतरी बसचा भोंगा. "पोटुशी बाईचं तोंड सुजलं, डोकं ठनकते म्हनते, डोळ्यापुढं चमकते, त हे बीपी वाढल्याचं लक्षन आहे. आज पाहू, उद्या पाहू करू नोका. झटके आले त माय अन् लेकरू दोघाईले धोका आहे. तसंच उचला अन् मोठ्या दवाखान्यात न्या."

जमुनाबाईने फोनकडे पाहिलं, मग सुनेकडे. "हे हेमलताचंच सांगून राहिली का तुई सून?"

"हे सगळ्या बायाईचं आहे," मुन्नीबाई म्हणाली. "हेमलताचं आपल्यालेच पाहा लागते. ऊठ, लुगडं बदल."

टेकचंद शेतातून धावत आला. ओळखीच्या एकाची जीप मिळाली. योगेश्वरीला नवऱ्याचा फोन आला तेव्हा गाडी गोंदियाच्या वाटेला लागली होती. ती दवाखान्याच्या फाटकापाशी येऊन उभी राहिली. हेमलताचं बीपी पाहून डॉक्टरांनी तिला लगेच आत घेतलं. दुपारनंतर ऑपरेशन झालं. मुलगी झाली, अगदी चिमुकली. तिला काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. पण दोघी वाचल्या.

व्हरांड्यात ओमेश्वरने बायकोला घडलेलं सगळं सांगितलं. चुलीपुढची बोलाचाली, मायने गिऱ्हाईक सोडायला लावून त्याला कसं ओढत नेलं, तेही. योगेश्वरीने सगळं ऐकून घेतलं. बाकावर मुन्नीबाई डोळे मिटून बसली होती. सुनेने तिच्या पायाशी बसकण मारली.

"माय, तुमी ओळखलं."

"तूच सांगत होती न रोज," मुन्नीबाई डोळे न उघडता म्हणाली. "आता पानी पाज थोडं."

हेमलताची गोष्ट आसपासच्या गावांत पोचायला वेळ लागला नाही. लोक ओमेश्वरच्या दुकानावर येऊन रेकॉर्डिंग मागायला लागले. तो खुशीने देत होता. योगेश्वरीलाही सुख वाटत होतं. एक दिवस शेजारच्या गावची एक बाई तापाच्या पोराला काखेत घेऊन दारात आली.

"ताई, तुमच्या फोनमंधी सांगतलं तितकंच औषध देऊ न याले?"

त्या बाईने सांगितलेला आकडा योगेश्वरीने लगेच ओळखला. तो मोठ्या माणसाचा डोस होता. बसच्या घाईत रेकॉर्ड करताना तिने मोठ्यांचं आणि लहानांचं एकाच दमात सांगितलं होतं, आणि ऐकणाऱ्याला कोणतं कोणाचं ते कळणार नाही असं. तिला स्वतःला कळत होतं, कारण तिच्याजवळ वहीचं पान होतं. या बाईजवळ नव्हतं.

"दिलं का याले?" तिने घाबरून विचारलं.

"नाई अजून. म्हनलं, एकदा इचारून घेतो."

पोराला तिने स्वतः आरोग्य केंद्रात नेलं. परत येऊन ती नवऱ्यावर प्रथमच मोठ्याने ओरडली, मग स्वतःवर. वहीत चुकलं असतं तर तिने एक रेघ मारली असती आणि संपलं असतं. हे आता किती फोनमध्ये गेलं आणि कोणाकोणाच्या, कसं कळणार?

शाळेत लिसम्मा मॅडम म्हणून केरळच्या एक शिक्षिका होत्या. कडक बाई. योगेश्वरीने जाऊन त्यांना सगळं सांगितलं. रागावतील, शाळेतून काढतील, काहीही होईल, अशी मनाची तयारी केली होती. मॅडम रागावल्याच. हातातलं पेन टेबलावर आपटलं. मग त्यांनी फोन मागितला, हेडफोन लावला आणि झाडीबोलीतली ती रेकॉर्डिंग, समजतील तेवढी, ऐकत बसल्या. बऱ्याच वेळाने हेडफोन काढून म्हणाल्या, "एक्झाम का अलग, गाँव का अलग. दवाई का नंबर गाँव वाले में नहीं बोलने का. और पहले मेरे को सुनाओ, फिर गाँव को."

त्याप्रमाणे तिने कामाला हात घातला. अभ्यासाची रेकॉर्डिंग तिने स्वतःपुरती ठेवली. गावासाठी नवी केली, छोटी, औषधाच्या आकड्यांशिवाय: काय दिसलं तर थांबायचं नाही, एवढंच. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला ती सांगायची, जुनं असेल तर काढून टाका. ओमेश्वर दुकानावर येणाऱ्या प्रत्येकाचा फोन हातात घेऊन जुनं शोधायचा आणि पुसायचा. दुरुस्तीला आलेल्या फोनमध्येही पाहायचा, मालकाला विचारून. नीतूने वर्गातल्या सगळ्या मुलींच्या मागे लागून त्यांच्या गावचं काम करून घेतलं. सगळं पुसलं गेलं असेल असं योगेश्वरीला कधीच वाटलं नाही. पण नवीन रेकॉर्डिंग जुन्याच्या पुढे गेली, एवढं तिला दिसत होतं.

शेवटच्या परीक्षेच्या आधी फोनचं मेमरी कार्ड बिघडलं आणि अर्धी रेकॉर्डिंग गेली; दुकानातल्या आणि नीतूच्या फोनमधली जुनी तर आधीच पुसून झाली होती. ओमेश्वर कासावीस झाला. त्याने दोन दिवस दुकान बंद ठेवून कार्डावर सगळे उपाय केले. योगेश्वरी मात्र कपाटातून वह्या काढून पडवीत बसली आणि सासूला हाक मारली. "माय, या. पहिल्यापासून सांगतो." मुन्नीबाई ऐकायला बसली आणि दोन ठिकाणी तिनेच सुनेला अडवलं, की मागच्या खेपेला तू असं नव्हतं सांगितलं.

योगेश्वरी पास झाली. काही महिन्यांनी नवेगाव बांधच्या बाजूला, जंगलाकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात तिला कंत्राटी नोकरी लागली. आठवडाभर तिथे राहायचं, रविवारी कामठ्याला यायचं. रिंकी आता मोठी झाली होती. आजीजवळ राहायला तिची काही तक्रार नव्हती.

पहिल्याच आठवड्यात पोटुशी बायकांची तपासणी होती. योगेश्वरी तयारीने बसली. फोनमधलं तेच रेकॉर्डिंग तिने लावलं, ज्यामुळे कामठ्यात दोन जीव वाचले होते. बायका शांतपणे ऐकत होत्या. संपल्यावर दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग एक म्हातारी आपल्या सुनेशी गोंडीत काहीतरी बोलली, आणि योगेश्वरीच्या लक्षात आलं की आपलं बोलणं यांच्यापर्यंत अर्धंच पोचलं आहे.

तिने फोन बंद करून बाजूला ठेवला. पिशवीतून नवी वही आणि पेन काढलं, खुर्चीवरून उतरून म्हातारीजवळ सतरंजीवर बसली आणि स्वतःच्या गालांवर दोन्ही हात ठेवून ते फुगवून दाखवले.

"आजी, याले तुमच्यात काय म्हनते?"

म्हातारीने सांगितलं. योगेश्वरीने ते वहीत लिहिलं आणि वाचून दाखवलं. तिचा उच्चार ऐकून सगळ्या बायका खो-खो हसल्या. म्हातारीने तिच्या हनुवटीला हात लावून तोंड कसं करायचं ते दाखवलं आणि तो शब्द पुन्हा एकदा, सावकाश, म्हणून दाखवला.